कार्नेचा अनुभव: गाडी परत आली, अनामत अजून नाही

कार्ने म्हणजे परदेशात तात्पुरती नेलेली गाडी तेथून परत बाहेर काढली जाईल, याची हमी देणारी सीमाशुल्काची पुस्तिका; त्या हमीपोटी ती देणारी संस्था अनामत ठेवून घेते. ते का लागते आणि कसे काढतात, याच्या तपशिलात मी शिरत नाही. माझी दुचाकी, हिमालयन ४११, जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला पाठवायची, शिराझ, इस्फहान, तब्रीझ करीत बाझरगानच्या नाक्यावरून तुर्कस्तानात शिरायचे, सार्पवरून जॉर्जिया, मग आर्मेनिया, आणि शेवटी आगारक येथे अरस नदी ओलांडून नोर्दुझला पुन्हा इराणमध्ये उतरून बंदर अब्बास गाठायचे, असा माझा मार्ग होता. गाडी मुंबईत येऊन काही महिने लोटले आहेत. कार्ने देणाऱ्या संस्थेकडे ठेवलेली रोख अनामत मात्र अजून अडकलेली आहे, त्यामुळे पुढील मजकुरात कडवटपणा आढळला तर त्याचे कारण तेच आहे.

पहिली तक्रार पुस्तिकेच्या आकाराची. पारपत्र जॅकेटच्या खिशात मावते, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मावतो, आरसीचे कार्ड तर पाकिटात जाते. परंतु जवळजवळ ए-फोर आकाराची ही पुस्तिका टँक बॅगेत बसत नाही आणि तिची घडी घालणेही परवडत नाही. १९५४ साली न्यूयॉर्क येथे झालेल्या सीमाशुल्क करारालाच तिचा नमुना जोडलेला होता, आणि तो ठरवताना मोटारीचा प्रशस्त कप्पा डोळ्यांसमोर असावा असा माझा तर्क आहे. दुचाकीवर ती मागच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, सपाट ठेवावी लागते. म्हणजे नाक्यावर पोहोचल्यावर सगळ्यांत आधी लागणारा कागद सगळ्यांत शेवटी हाती येतो. ज्यांना ही तक्रार क्षुल्लक वाटते त्यांनी बाझरगानला मालमोटारींच्या रांगेत उभे राहून सामानाची पेटी उपसून पाहावी.

दुसरी तक्रार पैशांची. कार्ने पाच, दहा किंवा पंचवीस पानांचे मिळते. मी अर्थातच पाच पानांचे घेतले. या संपूर्ण फेरीत इराण सोडून कोणत्याही परदेशी नाक्यावर ते कोणी मागितले नाही. तुर्कस्तानात गाडीची नोंद संगणकावर चालकाच्या पारपत्राशी जोडली जाते आणि गाडी मागे ठेवून देश सोडता येत नाही. जॉर्जियाने १ मार्च २०१८ पासून परदेशी गाड्यांना तेथील तृतीयपक्ष विमा सक्तीचा केला आहे. तो घेतला की काम झाले. आर्मेनियात तात्पुरत्या आयातीचा छापील कागद आणि स्थानिक विमा एवढ्यावर भागते. एका देशासाठी एवढी रक्कम बिनव्याजी अडकवून ठेवायची, हे मला तिबिलिसीपर्यंत शुद्ध उधळपट्टी वाटत होते, आणि तसे मी वहीत कठोर शब्दांत लिहूनही ठेवले होते.

नोर्दुझला हे मत बदलावे लागले. कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: खालचा भाग देशात शिरताना फाडून घेतात, मधला बाहेर पडताना, आणि वरचे स्थळप्रतीचे पान पुस्तिकेतच राहते, ज्यावर प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन्ही शिक्के पडतात. ही गाडी आधी इराणमध्ये येऊन गेली आहे का, असे अधिकाऱ्याने विचारले. मी पहिले पान उघडून दाखवले, त्याने बोटाने तारीख वाचली आणि पुढच्या पानावर नवा प्रवेशाचा शिक्का मारला. ना दूरध्वनी, ना संगणकाची प्रतीक्षा. बाकीच्या देशांत गाडी बाहेर पडल्याचा पुरावा त्यांच्या यंत्रणेत राहतो. येथे तो चालकाच्या हातात होता. त्या दिवशी कार्नेला मी मनोमन पूर्ण गुण दिले.

ते गुण मुंबईत पुन्हा कापावे लागले, आणि त्याचे मूळ पहिल्या तक्रारीतच आहे. जॉर्जियातल्या बातुमीचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. पुस्तिका पेटीच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत होती, तरी ओल तेथपर्यंत पोहोचली आणि बाझरगानच्या निर्गमनाच्या शिक्क्याची शाई पसरली. त्याखाली बॉलपेनने लिहिलेली तारीख शाबूत आहे. परंतु ती फारसी अंकांत आणि इराणच्या सौर पंचांगाप्रमाणे आहे. वर्ष १४०३ पाहून संस्थेच्या लिपिकाने आधी ती चूकच धरली. ते वर्ष मार्च २०२४ मध्ये सुरू झाले, हे मी लेखी कळवले. त्यावर उत्तर आले की शिक्का अस्पष्ट असल्याने पहिले पान निकाली, म्हणजे गाडी बाहेर गेल्याची नोंद पूर्ण झालेली, धरता येणार नाही.

माझे म्हणणे साधे आहे. त्याच देशाच्या सीमाशुल्क खात्याने दुसऱ्या पानावर त्याच गाडीचा नवा प्रवेश नोंदवला आहे. जी गाडी बाहेर गेलीच नाही ती आत कशी येईल? शिवाय चेसिस क्रमांकासह ती आज माझ्या इमारतीच्या आवारात उभी आहे. हा तर्क संस्थेने शांतपणे ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. सुदैवाने अशा प्रसंगासाठी कार्नेमध्येच एक सोय असते: गाडी सध्या कोठे आहे याचा दाखला अधिकाऱ्यांकडून भरून घेण्याचा नमुना. तो भरून घेऊन, दोन्ही पानांच्या प्रती आणि जहाजाची कागदपत्रे जोडून मी अर्ज दिला आहे.

याच फेरीचा विचार करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. इराण वगळून फक्त तुर्कस्तान, जॉर्जिया आणि आर्मेनिया करणार असाल, तर या देशांसाठी कार्नेवर एक रुपयाही घालवू नका. इराण असेल तर पर्याय नाही. मग शिक्का पडताच, नाका सोडण्यापूर्वी, त्या पानाचे छायाचित्र काढा आणि पुस्तिकेसाठी कागदपत्रांची कडक, जलरोधक पेटी घ्या. ती महाग वाटते, परंतु तिची किंमत अनामतीवर बुडालेल्या व्याजापेक्षा कमी आहे. मी हिशेब केला आहे.

अर्जाला कालच उत्तर आले. दाखला मान्य आहे. मात्र फारसी तारखेचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे, असे त्यात म्हटले आहे. भाषांतरकाराचे किमान शुल्क पूर्ण पानाचे आहे, मग मजकूर एका ओळीचा का असेना.