मुलांच्या मनातलं समजून घ्यायची पालक कार्यशाळा : आमचे चार रविवार

नाशिकला गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये एक कौन्सेलर मॅडम पालकांसाठी कार्यशाळा घेतात, ती आम्ही नुकतीच केली. चार रविवार, सकाळी दहा ते एक, जोडप्याला फी अडीच हजार. नाव बायकोने घातलं होतं, मी फक्त सोबत गेलो होतो, पण आता भेटेल त्याला मीच सांगतोय म्हणून म्हटलं नीट लिहूनच टाकू.

आमचा मुलगा चौथीत आहे. जूनपासून दर सोमवारी सकाळी पोटात दुखतं म्हणायचा. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही, आणि मग मी काय करायचो तर नाटकं करू नकोस म्हणून दप्तर हातात देऊन रिक्षात बसवायचो. पहिल्याच रविवारी मॅडम म्हणाल्या की लहान मुलांना टेन्शन आलं की ते बरेचदा पोटदुखी, डोकेदुखी होऊन बाहेर पडतं आणि ते दुखणं खोटं नसतं, मुलाला खरंच दुखत असतं. चहाच्या ब्रेकमध्ये मी बाहेर जाऊन एकटाच उभा राहिलो. किती सोमवार झाले असतील तेच मोजत होतो.

सगळ्यात आवडलं ते दुसऱ्या रविवारचं. कागद वाटले आणि भावनांची नावं मराठीत लिहा म्हणाल्या. राग, आनंद, दुःख, भीती, झालं, पुढे माझा पेन हलेना. बायकोचे सात. आमच्यात एक आजी होत्या, मुलगा-सून नोकरीला म्हणून नातवाला त्याच बघतात, त्या सांगत सुटल्या, हिरमुसणं, फुरंगटणं, बुजणं, ओशाळणं, कानकोंडं होणं, धाकधूक, धास्ती, हुरहूर, कासावीस, घुसमट, फळा भरला अक्षरशः. मग मॅडमनी समजावलं की मुलाला आत काय होतंय त्याला नाव मिळालं की ते जरा आवाक्यात येतं, डॅनियल सीगल नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनीही हेच मांडलंय. आपण मुलांना एकच शब्द देतो, 'चिडलास का?', मग ते बिचारं प्रत्येक गोष्टीला चिडलो म्हणतं.

त्या रविवारी रात्री मी त्याच्याशेजारी पडून फक्त विचारलं, उद्याची धाकधूक होतेय का रे? हो म्हणाला आणि गप्प. मीपण गप्प राहिलो (हे तिथेच शिकलो, लगेच उपाय सांगायचा नाही). वीसेक मिनिटांनी आपणहून म्हणाला, सोमवारी वर्गात धडा मोठ्याने वाचायला लावतात, मी अडखळतो, मुलं हसतात. एवढंच होतं. आम्ही बाईंना जाऊन भेटलो, त्यांनी समजून घेतलं. पोट पूर्ण थांबलंय असं नाही, अजून अधूनमधून दुखतं, पण आता तो कारण सांगतो.

नुसते लाड करायला शिकवतात असं कुणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाही. राग आला हे चालेल, ताईला मारलेलं चालणार नाही, हा फरक तिसऱ्या रविवारी जोड्या करून अभिनयातून घोटून घेतला. एकाने मूल होऊन खाली बसायचं, दुसऱ्याने उभं राहून ओरडायचं. खाली बसून बघा एकदा, आपला आवाज केवढा येतो ते.

खटकलेल्या गोष्टी पण सांगतो. स्लाइड सगळ्या इंग्लिशमध्ये, ज्या आजींनी फळा भरला त्यांनाच त्या वाचता येत नव्हत्या, हे मला फार लागलं, मॅडमना तसं सांगितलंय. लहान मुलांना सांभाळायची सोय नाही, एक ताई तान्ह्या बाळाला घेऊन अर्धा वेळ पॅसेजमध्ये होत्या. बावीस जणांत बाबा आम्ही तिघेच. आणि मोबाइल, अभ्यास, वयात येणारी मुलं हे सगळं शेवटच्या तासाभरात उरकलं, त्याला वेगळा दिवस पाहिजे. मोठ्या मुलांच्या पालकांनी आधी फोन करून विचारून घ्या, लहानांसाठी मात्र डोळे मिटून जा.

मॅडमनी स्वतःच एक स्पष्ट सांगितलं, मूल जेवत-झोपत नसेल, जगायला नको असं काही बोलत असेल तर कार्यशाळेची वाट बघू नका, सरळ तज्ज्ञांकडे न्या. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन पण आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर आम्ही फ्रिजवर लावलाय, त्याच्या शेजारी आजींच्या शब्दांची यादी.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे.