एसक्यूएल-अल्केमी २.० : लायब्ररी मस्त, पण आधी कनेक्शन नीट तपासा

पायथनमध्ये ओआरएम (डेटाबेसची टेबलं पायथनचे क्लास लिहून हाताळायची पद्धत) शिकायला एसक्यूएल-अल्केमी घेतली, दोन आठवडे झाले वापरतोय. लायब्ररी मनापासून आवडलीये पण पहिले दोन दिवस एक टेबलसुद्धा बनलं नाही, सगळा वेळ कनेक्शनमध्येच गेला, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

क्रिएट-इंजिनची ओळ (इंजिन, म्हणजे डेटाबेसचं कनेक्शन सांभाळणारा भाग, बनवणारी) एररशिवाय चालली की आपल्याला वाटतं डेटाबेस जोडला गेला. तसं नसतं. ती ओळ फक्त तयारी करून ठेवते, खरं कनेक्शन पहिल्यांदा गरज पडते तेव्हा उघडतं. त्यामुळे एरर येते ती पार खाली टेबलं बनवताना, आणि मी आपला मॉडेलचा, म्हणजे टेबल कसं असेल ते सांगणारा, क्लासच खोडून परत परत लिहितोय. आता इंजिन बनवलं की लगेच कनेक्ट करून नुसतं सिलेक्ट १ ही साधी चाचणी क्वेरी चालवतो, ते आलं तरच मॉडेलला हात लावतो. नवीन माणसाला हे अगदी पहिल्या पानावर ठळक सांगायला हवं असं मला खरंच वाटतं.

माझी मूळ चूक निघाली पासवर्डमध्ये. त्यात ॲट चिन्ह होतं, यूआरएलमध्ये (इंजिनला द्यायचा डेटाबेसचा पत्ता) त्याच्यापुढचं सगळं होस्टचं नाव समजलं गेलं आणि एरर काय तर होस्ट सापडत नाही! ॲटच्या जागी %४० लिहायचं, किंवा सरळ यूआरएल-क्रिएट वापरून युजर, पासवर्ड, होस्ट वेगवेगळे द्यायचे, दुसरा मार्ग जास्त बरा.

ड्रायव्हर (त्या डेटाबेसशी प्रत्यक्ष बोलणारं पायथनचं पॅकेज) नसेल तर मात्र इंजिनच्या ओळीवरच एरर येते. मायएसक्यूएलला एरर म्हणते मायएसक्यूएलडीबी मॉड्यूल नाही, पण इन्स्टॉल करायचं पॅकेज असतं मायएसक्यूएलक्लायंट. त्याऐवजी पायमायएसक्यूएल हा दुसरा ड्रायव्हर टाकला असेल तर यूआरएलमध्ये अधिक चिन्हानंतर त्याचं नाव द्यावंच लागतं. आणि जुन्या ट्युटोरियलमधलं यूआरएलच्या सुरुवातीचं नुसतं पोस्टग्रेस लायब्ररीच्या १.४ आवृत्तीपासून चालत नाही, पूर्ण पोस्टग्रेसक्यूएल लिहा.

एसक्यूलाइटच्या (एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) यूआरएलमध्ये तीन स्लॅश म्हणजे चालू फोल्डरपासूनचा रस्ता. स्क्रिप्ट दुसऱ्या फोल्डरमधून चालवली तर गुपचूप नवीन रिकामी फाइल बनते आणि मग टेबलच नाही म्हणून एरर, डेटा गेला असं वाटून पोटात गोळा येतो. डेटा जुन्या फाइलमध्ये सुखरूप असतो.

सगळ्यात आवडलं काय तर इंजिन बनवताना एको ट्रू केलं की जाणारी प्रत्येक क्वेरी समोर दिसते, आणि बऱ्याच एररच्या शेवटी माहितीच्या पानाची लिंक असते, ती उघडून वाचा, माझे दोन प्रश्न तिथेच सुटले. इंजिन प्रिंट केलं तर पासवर्डच्या जागी तारे येतात, त्यामुळे मदत मागताना ती ओळ बिनधास्त दाखवता येते.