दिवा लागला, पैसे दिले, आणि नेटवर्क शंभरावरच अडकलं

डेस्कटॉप लोकल नेटवर्कला जोडून घेताना होणारी फसवणूक लवकर कळत नाही, कारण काम झालेलं दिसतं. पोर्टचा हिरवा दिवा लागतो, ब्राउझरमध्ये पान उघडतं, "चालू झालं ना?" असं विचारून माणूस पैसे घेऊन जातो. पुढे कधीतरी दुसऱ्या मशीनवरून मोठी फाइल कॉपी करायला घेतली की आकडा सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर जात नाही, म्हणजे जोडणी १०० मेगाबिटचीच असते. गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटच्या जोडणीवर, डिस्क बरी असेल तर, तोच आकडा ११० च्या आसपास यायला हवा. बिल मात्र गिगाबिटचं लागलेलं असतं.

सुरुवात बहुधा लॅन कार्डापासून, म्हणजे डेस्कटॉपमधल्या नेटवर्कच्या भागापासून होते. विंडोजमध्ये 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' दिसतं आणि आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. लगेच निदान: "मदरबोर्डवरचा पोर्ट जळालाय, वेगळं कार्ड टाकावं लागेल." खरं तर हा पत्ता बहुतेक वेळा पोर्ट शाबूत असल्याची खूण आहे. समोरून लिंक मिळाली, पण आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही, की विंडोज स्वतःच असा पत्ता घेतं. लिंकच नसती तर कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग चालवल्यावर 'मीडिया डिसकनेक्टेड' आलं असतं. तेव्हा दोष शोधायचा तो केबलमध्ये, स्विचमध्ये (अनेक केबल जोडायचा डबा) नाहीतर राउटरच्या सेटिंगमध्ये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅडॅप्टर (म्हणजे लॅन कार्ड) दिसतच नसेल तर आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड लॅन चालू आहे का ते बघा, मग ड्रायव्हर. आयकॉनवर खाली तोंड केलेला बाण असेल तर अ‍ॅडॅप्टर कुणीतरी डिसेबल करून ठेवलाय. राइट क्लिक, एनेबल, संपलं. पोर्ट खरंच मेलाय असं म्हणण्याआधी खात्रीची छोटी पॅच कॉर्ड (तयार केबल) लावून डेस्कटॉप थेट राउटरला जोडायचा आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघायचं. एवढं न करता कार्ड विकणाऱ्याचं ऐकू नये.

पण खरा पैसा खाल्ला जातो तो केबलमध्ये. आवरणावर 'कॅट ६' छापलेलं असतं आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, धंद्यातल्या भाषेत सीसीए. नेटवर्क केबलच्या प्रचलित मानकांत ही तार बसतच नाही. ओळखायला टेस्टर लागत नाही, ब्लेड पुरतं. एका तारेचं प्लास्टिक सोलायचं आणि धातू हलकेच खरवडायचा. आतून पांढरट चंदेरी निघालं तर अ‍ॅल्युमिनियम. उलट, वरून चंदेरी आणि आतून तांबूस असेल तर ती कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार, तिला नाव ठेवू नका. केबलच्या मधोमध अधिकच्या चिन्हासारखी प्लास्टिकची पट्टी आहे म्हणून माल अस्सल, या बोलण्यालाही अर्थ नाही. ती नकली केबलमध्येही घालतात. ३०५ मीटरचा पूर्ण बॉक्स घेत असाल तर उचलून बघा. २४ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) आठ तारांत नुसतं तांबंच साडेचार किलोच्या आसपास भरतं. सीसीएमध्ये धातूचं वजन दोन किलोच्याही आत राहतं.

केबल भिंतीत गेली असेल तर मल्टिमीटर काढा. दोन्ही टोकं स्विच आणि डेस्कटॉपमधून सोडवा, लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळा आणि जवळच्या टोकाला ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा. ३० मीटर लांबीच्या २४ गेज तांब्याच्या केबलला साधारण ५ ओहम येतात. त्याच जाडीच्या सीसीएला ८ च्या जवळ. पहिल्या दिवशी सीसीएसुद्धा गिगाबिट देते, म्हणून तर विकणारा निर्धास्त असतो. अ‍ॅल्युमिनियम ठिसूळ, दोन-चार वेळा वाकवलं की तुटतं. कनेक्टरच्या पात्याखाली ते दबून सैल पडतं आणि त्यावर ऑक्साइड चढतो. मग लिंक अधूनमधून सुटायला लागते आणि 'कनेक्टर खराब झालाय' म्हणून दर खेपेला नव्या क्रिम्पिंगचे (कनेक्टर दाबून बसवण्याचे) पैसे.

तांब्याच्या केबलवरही हात मारता येतो. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या चारच पिना लागतात, गिगाबिटला आठही. एकाच केबलच्या दोन दोन जोड्या वाटून दोन डेस्कटॉप जोडायचे आणि बिल दोन केबलचं लावायचं, हा जुना प्रकार आहे. कनेक्टर पारदर्शक असतो, तारा मोजा.  कनेक्टर सोनेरी पट्ट्या आपल्याकडे, तारा खालून आत जाताहेत असा धरा. डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी ३ आणि ६ वर फुटलेली दिसली पाहिजे. काही जण जोड्या सरळ ओळीने १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा बसवतात. दोन्ही टोकांना तसंच केलं तर स्वस्त टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, कारण तो फक्त तार अखंड आहे का एवढंच बघतो. ३ आणि ६ मात्र एकमेकींभोवती पिळलेल्या नसतात, म्हणून शेजारच्या जोडीचा गोंगाट आत येतो आणि डेटा खराब होतो. तेव्हा आठ दिवे दाखवून कुणी सही मागितली तर देऊ नका.

सगळ्यात बेरकी युक्ती सॉफ्टवेअरमध्ये असते. केबलची एखादी जोडी नादुरुस्त असली की गिगाबिट लिंक टिकत नाही, चालू-बंद होत राहते. ते लपवायला अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स' ऑटोवरून काढून '१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स' (डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांनी) करून ठेवतात. आता दिवा स्थिर. पण पलीकडचा स्विच ऑटोवर असेल तर त्याला डुप्लेक्स कळत नाही, तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो, आणि ताण येताच नेटवर्क शंभराच्याही कितीतरी खाली रांगतं. हे सेटिंग 'ऑटो निगोशिएशन'वर परत आणा. लिंक तुटायला लागली तर रोग केबलमध्ये आहे.

स्विचच्या खोक्यावर 'गिगाबिट अपलिंक' असेल तर फक्त एक-दोन पोर्ट गिगाबिट आणि बाकीचे शंभराचे असू शकतात. प्रत्येक पोर्टसमोर १०/१००/१००० आहे का ते वाचा.

पैसे देण्याआधी त्या माणसाच्या देखत सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असं उघडून 'लिंक स्पीड' बघा: १०००/१००० हवं. मग दोन मशीनमध्ये आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्राम दहा मिनिटं चालवा. ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा टिकायला हवा, ९४ आला तर जोडणी शंभराची आहे. केबलचा उरलेला तुकडा मागून घ्या, त्यावर ब्लेड चालवा. बिलावर 'कॅट ६' एवढंच नको, 'पूर्ण तांबं' आणि गेजही लिहून घ्या. राउटरचा आणि स्विचचा अ‍ॅडमिन पासवर्ड ताब्यात घेऊन लगेच बदला, आणि कामासाठी टाकलेलं रिमोट सॉफ्टवेअर तो दाराबाहेर पडण्याआधी काढून टाका.