सीसीडी सांगून विकलेला स्कॅनर आणि बाबांच्या फोटोला गेलेला तडा

बाबांचा एक फोटो आमच्या घरात सगळ्यांत जास्त जपलेला. पोस्टकार्डापेक्षा थोडा लहान, पांढऱ्या नागमोडी कडेचा, मागे स्टुडिओचा पोर्तुगीज अक्षरांतला शिक्का आणि शाईने लिहिलेलं 1959. गावच्या जत्रेत संगीत नाटक व्हायचं, त्यात बाबांनी स्त्रीपार्ट केला होता. नऊवारी, नाकात नथ, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. आई सांगायची, नाटक संपल्यावर म्हाताऱ्या बायका बाबांना बघायला रंगपटात शिरल्या होत्या.

त्या फोटोत आता कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा आहे. तो माझ्या हातून गेला. पण ज्या यंत्रापायी गेला, ते यंत्र मला धडधडीत खोटं सांगून विकलेलं होतं. गोव्यात जुन्या फोटोंची पेटी उघडून बसलेली माझ्यासारखी खूप माणसं आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमच्याकडे साडेतीनशेच्या आसपास फोटो निघाले. काही बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सुटे, बाकीचे दोन जाड अल्बमांत. ऐंशीच्या दशकात ते चिकट पानांचे अल्बम मिळायचे, पानावर फोटो ठेवायचा आणि वरून प्लॅस्टिक ओढायचं, त्यातले. चाळीस पावसाळ्यांत तो डिंक असा धरून बसलाय की फोटो सोडवायला गेलं तर कागद फाटतो. म्हणजे अख्खं पान काचेवर पालथं घालूनच स्कॅन करायचं, आणि अल्बमाचं पान काचेवर कधीच पूर्ण सपाट बसत नाही.

एवढ्याचसाठी मी खरेदीआधी महिनाभर वाचत होते. फ्लॅटबेड स्कॅनर दोन जातींचे असतात. सीआयएस जातीत सेन्सरची पट्टी काचेच्या अगदी खालून सरकते, भिंग जवळजवळ कागदाला टेकलेलं असतं. यंत्र पातळ, हलकं, स्वस्त, आणि कागद काचेला चिकटलेला असला की काम चोख. पण कागद दोन-तीन मिलिमीटर उचलला गेला की चित्र धूसर होतं. सीसीडी जातीत आरसे आणि खरं भिंग असतं, त्यामुळे काचेपासून थोडं वर असलेलंही स्पष्ट येतं. वाकलेले फोटो, अल्बमची पानं, फ्रेममधून न निघणारी चित्रं, यांना सीसीडीच हवा. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही मी फसले.

पणजीत एका दुकानात गेले. नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. काउंटरवरच्या माणसाला मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "मला सीसीडी सेन्सरचा हवा. अल्बम स्कॅन करायचेत."

"आहे ना मॅडम. खास फोटोंसाठीचा. एकोणीस हजार दोनशे डीपीआय. स्टुडिओवाले हाच नेतात."

डीपीआय म्हणजे एका इंचात यंत्र किती ठिपके टिपतं तो आकडा. पेटी फोडलेली होती. "डेमो पीस आहे, म्हणून तुम्हाला कमीत देतो." पेटीवर मॉडेल नंबर असतो त्या जागी दुकानाचं पांढरं स्टिकर होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत 19200 डीपीआय, सीसीडी, फोटो. यंत्र हातात घेतलं तर फार हलकं लागलं. वेगळा अ‍ॅडॉप्टरही नव्हता, एकच यूएसबीची वायर. मी विचारलं. "नवीन टेक्नॉलॉजी मॅडम, वीज कॉम्प्युटरवरूनच घेतो." मला तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याने आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर 'हो, सीसीडी आहे' असं लिहून पाठवलं होतं, आणि लिहून देणारा माणूस खोटं बोलणार नाही असं मी धरून चालले. साडेसोळा हजार मोजले, दहा हजार यूपीआयने आणि बाकीचे रोख. पक्कं बिल घेतलं तर किंमत वाढेल म्हणाला, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर भागवलं.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस यंत्राने माझा विश्वास वाढवलाच. डब्यातले सुटे रंगीत फोटो सपाट होते. चतुर्थीचा एक फोटो, माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला) बांधलेली नारळ-सुपाऱ्यांची घडं, मागे उभी असलेली माझी आत्या, सगळं सुरेख उमटलं. सीआयएस यंत्र सपाट फोटोला वाईट नसतंच. फसवणूक लपून राहिली ती त्यामुळेच.

मग अल्बम घेतला. पानाच्या कडा स्पष्ट, आणि शिवणीकडचे चेहरे धुक्यात बुडालेले. मला वाटलं प्लॅस्टिकमुळे असेल. मग बाबांचा फोटो काढला.

पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून आम्ही कपाटात दिवा लावून ठेवतो, इकडे बहुतेक घरांत ठेवतात. त्या उबेने हा फोटो वर्षानुवर्षं सुकत गेला होता. जुन्या कृष्णधवल फोटोवर चित्र असतं ते जिलेटिनच्या थरात. तो थर सुकला की आक्रसतो आणि कागदाला आपल्याकडे ओढतो, म्हणून असे फोटो चित्राच्या बाजूला वळतात. हा फोटो काचेवर पालथा घातला की चारही कडा टेकायच्या आणि मधला भाग कमानीसारखा वर राहायचा. स्कॅनमध्ये नागमोडी कड अशी रेखीव की दाते मोजावेत, आणि मध्ये बाबांचा चेहरा म्हणजे नुसता पांढरट डाग.

दुकानात फोन केला. "वर वजन ठेवा मॅडम. दोन जाड पुस्तकं ठेवा, झाकण दाबून धरा. सगळे तसंच करतात." मी झाकणावर ज्ञानेश्वरीची मोठी प्रत ठेवली आणि तळहाताने दाबलं. वाळलेलं पान मोडावं तसा बारीक आवाज आला. झाकण उचललं तेव्हा फोटो सपाट झाला होता आणि चेहऱ्यावर पांढरी रेघ उमटली होती. नखाएवढा एक कपचा काचेवर सुटून पडला होता, नथीचा.

मी तो कपचा पाकिटात घातला आणि दोन दिवस कोणाला काही सांगितलं नाही.

म्हापशात चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेले एक गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. फोटो आणि यंत्र दोन्ही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि फक्त म्हणाले, "दाबायला कोणी सांगितलं?" मी सांगितलं. मग ते म्हणाले, "बाय, एक पट्टी आण."

नातवाच्या कंपासमधली पंधरा सेंटीमीटरची प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी माझ्या स्कॅनरवर ठेवली. शून्याचं टोक काचेवर टेकलेलं, पंधराच्या टोकाखाली खोडरबर, म्हणजे पट्टी तिरकी. झाकण उघडंच ठेवून 300 डीपीआयवर स्कॅन केलं. शून्य, एक, दोन स्पष्ट. तीनपासून आकडे पसरायला लागले, पाचपुढे रेघांचा राखाडी पट्टा. मग तीच पट्टी तशीच त्यांच्या जुन्या सीसीडी यंत्रावर ठेवली. चौदापर्यंतच्या बारीक रेघाही वाचता आल्या. "सीसीडी की सीआयएस ते ही पट्टी सांगते," ते म्हणाले, "पेटीवरचं काय वाचत बसतेस?" हे करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दुकानात लॅपटॉप असतोच. उभ्या उभ्या करून बघा, आणि दुकानदार करू देत नसेल तर बाहेर पडा.

मामांनी पेटीवरचं स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून हळूच सोडवलं. खाली छापील मॉडेल नंबर होता. तो शोधला तर साधा सीआयएस स्कॅनर, कार्यालयात कागद स्कॅन करायला वापरतात तो, आणि नव्याची किंमत मी मोजलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी. कंपनीने तो कधी सीसीडी म्हणून विकला नव्हता. खोटं होतं ते दुकानाच्या स्टिकरवर. यंत्राच्या बुडाशी असलेला सिरीयल नंबर आणि पेटीवरचा नंबरही जुळत नव्हता.

आणि तो 19200 चा आकडा. हा आकडा दाखवून किती लोकांना गळाला लावलं असेल. यंत्राचा सेन्सर प्रत्यक्षात जेवढं बघतो ते ऑप्टिकल रिझोल्यूशन. त्यापुढचे ठिपके सॉफ्टवेअर मधल्या मध्ये अंदाजाने भरतं, त्याला इंटरपोलेटेड म्हणतात. त्यातून फोटोत नसलेलं काही येत नाही, फाइल तेवढी फुगते. हिशेब करून बघा. चार बाय सहा इंचांचा फोटो 600 डीपीआयवर स्कॅन केला तर 2400 बाय 3600 ठिपके, कॉम्प्रेस न केलेल्या टिफ फाइलमध्ये साधारण 26 एमबी. तोच 19200 वर करायचा म्हटलं तर 885 कोटी ठिपके, साडेसव्वीस जीबीची एकच फाइल. घरच्या कॉम्प्युटरवर ती उघडणारही नाही. लॅबमधून आलेल्या बहुतेक रंगीत प्रिंटांना 300 पुरतं, 600 भरपूर झालं. निगेटिव्हला चिकटवून काढलेले जुने छोटे कॉन्टॅक्ट प्रिंट असतील तर त्यांत बारकावे जास्त असतात, तिथे 1200 वर जाण्यात अर्थ आहे. म्हणजे फोटोंच्या कामाला मोठा आकडा लागतच नाही, आणि विकायला मात्र तोच पुढे करतात.

नवा सीसीडी आज महागच पडतो. एप्सनचा परफेक्शन व्ही 600 या जातीतला आहे, वजन चार किलोच्या पुढे आणि अ‍ॅडॉप्टर वेगळा. कॅननची लाईड मालिका सीआयएसची आहे, दोन किलोच्याही आत, यूएसबीवर चालणारी. ज्यांचे फोटो सुटे आणि सपाट आहेत त्यांना लाईडसारखं यंत्र उत्तम, पैसे वाया घालवू नयेत. पण हातात घेतल्यावर वहीसारखं हलकं लागणारं यंत्र कोणी सीसीडी म्हणून देत असेल, तर माझी आठवण ठेवा.

दुकानात परत गेले. तोच माणूस. आधी म्हणाला स्टिकर आमचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज दाखवला तर म्हणाला, मुलाने चुकून पाठवला असेल. शेवटी म्हणाला, "कच्च्या चिठ्ठीवर तुम्ही काय करणार?" हे त्याचं खरं हत्यार. दोन हजार वाचवायला पक्कं बिल सोडलं की पुढच्या भांडणात आपण निम्मे हरलेले असतो, असं त्यालाही वाटत होतं आणि त्या क्षणी मलाही वाटलं.

तसं नसतं, हे नंतर कळलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली. त्यांनी यूपीआयची नोंद, मेसेज, चिठ्ठी आणि स्टिकरखालच्या पेटीचे फोटो मागितले. सुदैवाने मामांनी स्टिकर सोडवताना व्हिडिओ काढून ठेवला होता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील सक्तीचा नाही, अर्ज मी स्वतः मराठीत कच्चा लिहून मग इंग्रजीत करून घेतला. हेल्पलाइनवरून फोन गेल्यावर दुकानदाराने नऊ हजार परत केले आणि 'मिटलं' असं लिहून मागितलं. मी दिलं नाही. बाकीच्या साडेसात हजारांसाठी अर्ज केला आहे.

फोटोचं मामांनी बघितलं. दोन दिवस बंद डब्यात ओल्या टीपकागदाच्या वर, पाण्याचा स्पर्श होणार नाही असा जाळीवर ठेवला, थर सैल झाला तेव्हा टीपकागदांत घालून सावकाश सपाट केला. घरी कोणी करून बघू नका, आपल्या हवेत एक दिवस जास्त झाला तर बुरशी धरते. मग त्यांच्या यंत्रावर 1200 वर स्कॅन केला, नथीचा कपचा जागेवर ठेवून. चेहरा स्पष्ट आला. बाबा डावीकडे किंचित बघतायत हे मला पन्नास वर्षांत कधी दिसलं नव्हतं. विंगेत कोणी तरी उभं आहे, फक्त हात दिसतो, हातात तंबोऱ्याची खुंटी.

मामांनी विचारलं, तडा कॉम्प्युटरवर पुसून देऊ का. मी एक प्रत पुसलेली घेतली, भावाला पाठवायला. मूळ स्कॅन तड्यासकट ठेवला आहे, आयोगाच्या अर्जाला तोच जोडला.