हंगामी वसतिगृह: ऊसतोड कुटुंबांच्या मुलांची ही सोय कुठे चालते, कुठे अडते

आईबाप पाच-सहा महिने तोडीला गेले तरी मुलाने गावातच राहून शाळा शिकावी, यासाठी राज्यात हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत चालतं, चालवते शाळा व्यवस्थापन समिती आणि पैसा येतो समग्र शिक्षा अभियानातून. बहुतेक गावांत सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण शाळेत, दुपारचं शालेय पोषण आहारातून आणि झोपायला आजी-आजोबांच्या, चुलत्याच्या नाहीतर मामाच्या घरी, अशी व्यवस्था असते. बीडमधले आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी आणि नगरकडचे पाथर्डी, शेवगाव या पट्ट्यात तिची गरज सगळ्यात जास्त. तोडीवरच्या मुलांसाठी आज ज्या सरकारी सोयी आहेत त्यांत हीच सर्वांत उपयोगाची, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण ती उपयोगी पडते की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: गाडी गावातून निघते त्या दिवशी शाळेतली चूल पेटलेली आहे का?

मुकादम म्हणजे मजुरांची टोळी तोडीला नेणारा. त्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घरात आलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि दोघांच्या अंगठ्यावर ती उचल. सहामाही परीक्षा होते, दिवाळीची सुट्टी लागते आणि त्याच सुमाराला गाड्या भरायला लागतात. शाळेला कुलूप, गुरुजी आपल्या गावी आणि वसतिगृहाचा प्रस्ताव पंचायत समितीच्या टेबलावर. त्या पंधरवड्यात मुलाने जेवायचं कुठे, याचं उत्तर कोणाकडेच नसतं, म्हणून मूल गाडीत बसतं. सुट्टीनंतर वसतिगृह सुरू झालं, तरी कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडावरून त्याला परत आणायला कोणी येत नाही. भाडं परवडत नाही आणि एका दिवसाचा खाडा झाला की मुकादमाच्या वहीत पैसे कापले जातात. सगळं दुसरं सत्र तिथेच जातं. मूल एप्रिलमध्ये परततं आणि वरच्या वर्गात बसतं, पण शिकलेलं असतं अर्ध्या वर्षाचं. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास होण्याची अट परत आली आहे, त्यामुळे हे अर्ध वर्ष पूर्वीसारखं झाकूनही जात नाही.

म्हणून चांगलं वसतिगृह ओळखायचं ते त्याच्या ऑगस्टच्या कामावरून. शिक्षक आणि अंगणवाडी सेविका वस्ती-वस्तीवर जाऊन कोणाची उचल झाली, कोणत्या कारखान्यावर जाणार, घरी मागे कोण राहणार, याची यादी करतात. मुकादमालाही विचारावं, कोणते कोयते नेणार हे त्याच्याइतकं नेमकं कोणालाच माहीत नसतं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात समितीचा ठराव आणि संमतीपत्रं व्हायला हवीत. संमतीपत्र दोघांचं घ्यायचं: पालकाचं, आणि ज्याच्या घरी मूल झोपणार त्या नातेवाइकाचंही. दुसरं राहून गेलं की जानेवारीत आजी आजारी पडते, चुलती हात वर करते आणि मूल पुढच्या गाडीने फडावर जातं. प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दसऱ्याआधी गेला, तरच दिवाळीच्या सुट्टीत जेवण चालू ठेवायची तयारी होते. सुट्टीत पोषण आहार बंद असतो, त्यामुळे त्या दिवसांत दुपारचं जेवणही वसतिगृहानेच द्यायचं असतं. रविवारीही तेच. हा हिशेब अंदाजपत्रकात धरलेला नसला की रविवारी मुलं दुपारी उपाशी राहतात नाहीतर कोणाच्या तरी शेतावर कापूस वेचायला जातात.

पैशाचं गाडं सगळीकडे एकाच ठिकाणी रुततं. अनुदान उशिरा येतं आणि समिती किराणा दुकानदाराच्या उधारीवर चालते. उधारी वाढली की ताटातली डाळ पातळ होते, मग भाजी जाते आणि शेवटी रोज खिचडी उरते. मुलं तोंडाने काही बोलत नाहीत, यायची बंद होतात. गावाने निदान पहिल्या महिन्याचं धान्य हंगामाआधी जमवून ठेवावं. ज्वारी-बाजरी त्या भागात घरोघर असते आणि पायली-पायलीने मागितली तर लोक देतात. डाळ, तेल आणि गॅस यांना मात्र रोखच लागते, देणगीदारांनी मदत करायची ती तिथे.

स्वयंपाकाचं गणित बघा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य धरलेलं आहे, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. हे एका वेळचं. वाढत्या मुलाची बाकीची सगळी भूक वसतिगृहाला भागवायची असते, कारण झोपायच्या घरी वेगळं शिजत नाही. 40 मुलांच्या रात्रीच्या जेवणाला दोन-दोन भाकरी धरल्या तर 80 भाकरी होतात. भाकरीला 80 ग्रॅम पीठ, म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास. डाळ दोन किलो, भाजी चार-पाच किलो. एका चुलीवर 80 भाकरी करायला अडीच तासांहून जास्त लागतात, म्हणून दोन चुली आणि दोन स्वयंपाकिणी हव्यातच. एकीवर भागवणाऱ्या ठिकाणी महिन्याभरात भाकरी जाऊन भात येतो. जेवण सातच्या आत उरकावं, विशेषतः मुलींसाठी. डिसेंबरच्या अंधारात आठ वाजता वस्तीवर एकटी जाणारी मुलगी फार दिवस येत नाही, आणि ती आली नाही की आईला फडावर फोन जातो.

मुलींचा मुद्दा इथे थांबत नाही. वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवायची भीती आणि लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो हा हिशेब, या दोन्हींतून या पट्ट्यात मुलींची लग्नं लवकर होतात. सातवी-आठवीच्या मुलींना नातेवाइकांकडे पाठवण्याऐवजी शाळेतच झोपायची सोय असेल, महिला अधीक्षक रात्री राहत असेल, दाराला आतून कडी आणि आवारातच संडास असेल, तर आया मुलींना बिनघोर ठेवतात. यातली एक गोष्ट कमी असेल तर ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

रात्रीच्या जेवणाआधीचे दोन तास ही या सोयीची खरी कमाई आहे, आणि नेमकं तिकडे सर्वांत कमी लक्ष जातं. इयत्तेप्रमाणे बसवू नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे आणि अंकओळख, वजाबाकी, भागाकार असे गणिताचे गट करा. मागच्या वर्षी फडावर गेलेलं चौथीतलं मूल शब्दांच्या गटात निघालं तर त्याला चौथीचं पुस्तक देऊन काही होत नाही. गावातली बारावी झालेली मुलगी मानधनावर ठेवली की हे तास चालतात. शिक्षकांवर सोडले की बंद पडतात, कारण ते संध्याकाळी आपल्या गावी गेलेले असतात.

या सोयीतली सर्वांत मोठी भेग म्हणजे सहा वर्षांखालचं मूल. वसतिगृह पहिलीपासून पुढच्यांना घेतं. आई दोन वर्षांच्या लेकराला मागे ठेवू शकत नाही, ते फडावर जातं आणि त्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीण लागते. तिचं नाव वसतिगृहाच्या यादीत असतं, संमतीपत्र झालेलं असतं, तरी ती गाडीत असते. भाऊ मागे राहून शिकतो. यादीत मुलांपेक्षा मुली कमी दिसल्या तर कारण बहुतेक वेळा हेच निघतं. गावच्या बाजूने यावर उपाय नाही. पाळणाघर कारखान्याच्या तळावर, म्हणजे मजुरांच्या मुक्कामाच्या जागीच लागतं. पहाटे, आई फडात उतरायच्या वेळी उघडणारं, कोप्यांच्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांच्या, मधोमध असलेलं. दहा वाजता उघडणारी दोन किलोमीटरवरची अंगणवाडी तिच्या कामाची नसते.

मग जी मुलं जातातच त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. मूळ शाळेने ते भरून पालकांच्या हातात द्यायचं आणि तळाजवळच्या शाळेने त्यावर मुलाला वर्गात बसवायचं. दाखला काढावा लागत नाही, पटावर नाव मूळ शाळेतच राहतं, आणि ही त्याची जमेची बाजू. कागद म्हणून ते उत्तम आहे, पण एकट्या कागदावर भरवसा ठेवू नये. पत्रकावर विद्यार्थी आयडी आणि इयत्ता तर असतेच. त्याशिवाय मुलाची वाचन-गणिताची पातळी, कारखान्याचं नाव, तळाचं गाव आणि तालुका, मुकादमाचा फोन आणि वर्गशिक्षकाचा फोन एवढं लिहिलेलं असेल तरच तिकडच्या गुरुजींना त्याचा उपयोग होतो. नुसतं 'सातारा जिल्हा' लिहिलेलं पत्रक कोपीच्या वळचणीला खोचलेलं राहतं.

तिथे अडतं ते असं. टोळी एका जागी राहत नाही; बैलगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ बऱ्यापैकी स्थिर असतो, पण ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या फडाप्रमाणे गावं बदलतात आणि मुलाची शाळाही बदलते. तिकडच्या शाळेच्या पटावर नाव नसल्याने खिचडी, पुस्तकं यांचा हिशेब बसत नाही आणि काही शाळा मुलाला मागे बसवून ठेवण्यापलीकडे काही करत नाहीत. सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटला गेलेल्यांपुढे कन्नड शाळा येते, तिथे पत्रकाचा काही इलाज चालत नाही. बैलगाडीच्या तळावरच्या मुलांसाठी पत्रक घ्याच. ट्रकच्या टोळीतल्या मुलासाठी मात्र मागे ठेवण्याचीच खटपट करा.

संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना ही तिसरी सोय, सामाजिक न्याय विभागाची. 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी प्रत्येकी 100 जागांची 82 वसतिगृहं अशी तिची आखणी आहे. पहिली भाड्याच्या इमारतींत सुरू झाली. मूल खरोखर मुक्कामाला राहतं आणि वर्षभर राहतं, त्यामुळे दिवाळीच्या पंधरवड्याचा घोळ इथे नाही. वरच्या वर्गातल्या मुलींसाठी जागा मिळत असेल तर गावच्या सोयीपेक्षा ही पक्की. पण ती तालुक्याच्या ठिकाणी असल्याने पहिली-दुसरीचं लेकरू तिथे ठेवायला आई तयार होत नाही.

शाळेने मुलाला घ्यायला नकार दिला तर काय, हे पालकांना कोणीतरी सांगायला हवं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 14 प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम 15 प्रमाणे मुदत संपली म्हणूनही नाही, आणि कलम 4 प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्ग आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. लेखी तक्रार कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे जाते, पण निकालाला तीन महिन्यांची मुदत आहे आणि तेवढ्यात निम्मा हंगाम संपतो. म्हणून तक्रारीची एक प्रत त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांना देऊन पोच घ्यावी. काम बहुधा त्या पोचेवर होतं.

फडावर मुलं मोळ्या बांधतात, वाढे म्हणजे उसाचे शेंडे गोळा करतात, रात्री गाडी भरताना बॅटरी धरतात. 'आईबापाला मदत करतोय' हे उत्तर पुरेसं नाही. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून 14 वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवायला मनाई आहे. घरच्या कामात मदतीची जी सवलत उरली आहे, तीही शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत चालत नाही, आणि तोडीचं जड काम तर याच वेळेत असतं. 1098 वर फोन करता येतो. फोनवर तळाचं गाव, कारखान्याचं नाव, जवळची खूण आणि मुलांची संख्या सांगावी, स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. आईबाप उचलीखाली दबलेले असताना त्यांच्यावर कारवाईचा बडगा आला तर कुटुंब रातोरात दुसऱ्या तळावर जातं, म्हणून मूल कुठल्या शाळेत बसवता येईल हे आधी पाहून मगच फोन केला तर त्या फोनचा मुलाला फायदा होतो.

राहिलं बंद व्हायच्या तारखेचं. वसतिगृह मार्चअखेर गुंडाळायची रीत आहे, पण हंगाम कोणाच्या तारखेने चालत नाही. 2021-22 मध्ये ऊस इतका झाला की राज्यातलं गाळप जूनपर्यंत लांबलं. गावातली शेवटची टोळी उतरेपर्यंत जेवण चालू ठेवायचा ठराव सप्टेंबरच्या बैठकीतच करून घ्यावा आणि त्यासाठी दोन आठवड्यांचं धान्य वेगळं बाजूला ठेवावं.