पदवीला इकॉलॉजी घ्यावी की कॉन्झर्वेशन?

नावं इतकी जवळची आहेत की कुठलंही घेतलं तरी चालेल, असं वाटतं. पण इकॉलॉजी, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचं शास्त्र, विचारते, इथे काय चाललंय आणि का? कॉन्झर्वेशन, म्हणजे निसर्गाचं संवर्धन, विचारतं, मग आता काय करायचं?

इकॉलॉजीतलं फील्डवर्क म्हणजे बराचसा वेळ मोजणी. गवतात एक मीटरची चौकट ठेवायची, आतली प्रत्येक जात ओळखून नोंदवायची. रोप नेमकं चौकटीच्या कडेवर आलं तर मोजणीत धरायचं की सोडायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं. 50 उंदरांवर खूण करून सोडले आणि पुढच्या खेपेला पकडलेल्या 40 पैकी 10, म्हणजे पाव, खुणेचे निघाले, तर खुणेचे 50 हे एकूण उंदरांच्या पाव धरायचे, म्हणजे एकूण साधारण 200. तेही मधल्या काळात कुणी आलं-गेलं नाही असं धरून. संध्याकाळी हेच आकडे घेऊन संगणकापुढे बसायचं. संख्याशास्त्रातून सुटका नाही.

कॉन्झर्वेशनमध्ये कायदा, निधी, जमिनीचे हक्क आणि स्थानिकांशी बोलणी यांना जास्त जागा असते. जीवशास्त्रज्ञ मायकल सूले यांनी 1985 मध्ये या शाखेला संकटकाळाचं शास्त्र म्हटलं, कारण इथे माहिती अपुरी असतानाही निर्णय घ्यावा लागतो. माणसांत राहून काम करायची मनापासून ओढ असेल, तर सरळ हेच घ्या.

बाकीच्यांना मी आधी इकॉलॉजीच सुचवेन, आणि त्याचं कारण ब्रिटनमधलं लार्ज ब्लू फुलपाखरू. फुलपाखरं गोळा करणाऱ्या संग्राहकांपासून वाचवायला त्याच्या जागेला कुंपण घातलं गेलं. त्यामुळे चरणारी जनावरंही बाहेर राहिली आणि गवत वाढलं. या फुलपाखराची अळी एका विशिष्ट लाल मुंगीच्या वारुळात वाढते, आणि त्या मुंगीला उन्हाने तापणारी, आखूड गवताची जमीन लागते. मुंग्या गेल्या, फुलपाखरूही गेलं. फुलपाखरांचे अभ्यासक जेरेमी थॉमस यांनी वर्षानुवर्षं निरीक्षण करून हे उलगडलं, पण तोवर उशीर झाला होता. 1979 मध्ये ते ब्रिटनमधून नाहीसं झालं. 1983 पासून स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवलं गेलं, ते याच माहितीच्या जोरावर. कळकळ कुंपण घालणाऱ्यांचीही होतीच.

कायदा आणि धोरण मास्टर्सला शिकता येतं. जाती ओळखायची नजर मात्र लवकर लागलेली बरी.

प्रवेशाआधी विभागाला विचारा: फील्ड कोर्स सक्तीचा आहे का? त्याचा खर्च फीमध्ये धरलाय का? शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा डेटा स्वतः गोळा करायचा, की तयार मिळतो? उत्तरं गोलमोल आली, तर दुसरं विद्यापीठ बघा.