पोर्ट ब्लेअर विमानतळ ते मुक्कामाची खोली: कुठल्या गाडीवर, कुठल्या बोटीवर पैसे घालावेत

अंदमानच्या सहलीत सगळ्यात कमी विचार होतो तो विमानतळापासून खोलीपर्यंतच्या प्रवासाचा, आणि पहिला दिवस वाया जातो तोही तिथेच. मुक्काम शहरात असेल तर मामला वीस मिनिटांत आटोपतो. हॅवलॉक किंवा नील या बेटांवर असेल तर गाडी, बोट आणि पुन्हा गाडी असे तीन टप्पे होतात, आणि त्यातल्या मधल्या टप्प्याचं घड्याळ बाकीच्या दोघांना पळवतं.

आधी नावांचा घोळ. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम करण्यात आलं. तिकिटांवर आणि संकेतस्थळांवर जुनी-नवी दोन्ही नावं दिसतात. रिक्षावाले, हॉटेलवाले, बोटीवाले सर्रास जुनीच वापरतात. तिकिटावर स्वराज द्वीप आणि हॉटेलच्या निरोपात हॅवलॉक असं दिसलं तर गोंधळू नका, जागा एकच आहे.

विमानतळाबद्दल तक्रार करण्यासारखं फारसं काही नाही. वीर सावरकर विमानतळाची शिंपल्याच्या आकाराची नवी इमारत जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. जुन्या इमारतीतल्या एसटी स्टँडसारख्या गर्दीच्या मानाने ही ऐसपैस आहे. धावपट्टी मात्र नौदलाबरोबर वाटून घेतलेली आहे, आणि पावसाळी हवेत विमानं घिरट्या घालतात किंवा परतही जातात. हे लक्षात ठेवा, पुढे बोटीच्या हिशेबात लागेल.

शहरातला मुक्काम

विमानतळ लांबा लाइन भागात, शहराला जवळजवळ चिकटूनच आहे. अबर्डीन बाजार, गोलघर, डेलानीपूर, हॅडो यांपैकी कुठेही हॉटेल असलं तरी अंतर चार-सहा किलोमीटरच्या आत. ओला-उबर मिळेल असं धरून चालू नका. टॅक्सी आणि रिक्षा दोन्ही आहेत, मीटर चालत नाही. बसण्यापूर्वी भाडं ठरवा, आणि ते गाडीचं आहे की माणशी आणि सामान धरून आहे की वेगळं, तेही विचारून घ्या. दोघांत दोन बॅगा असतील तर रिक्षा पुरते. तिसरी मोठी बॅग आली की टॅक्सीच करा. घाटासारख्या चढावर बॅग मांडीवर घेऊन बसण्यात काही मजा नाही.

चढाचं मुद्दाम सांगितलं. पोर्ट ब्लेअर टेकड्यांवर वसलेलं आहे. नकाशात बाजारापासून आठशे मीटरवर दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात दम काढणाऱ्या चढावर असू शकतं. आईवडील सोबत असतील तर हॉटेलला फोन करून एकच प्रश्न विचारा: गाडी दारापर्यंत येते का? काही ठिकाणी शेवटच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

हॉटेलची गाडी घ्यावी का? अबर्डीन बाजाराच्या आसपास उतरणार असाल तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. फुकट असेल तर जरूर घ्या, पण ‘पिकअप उपलब्ध’ आणि ‘पिकअप समाविष्ट’ या दोन शब्दप्रयोगांत बिलाचा फरक असतो. हॉटेल वंडूर किंवा चिडिया टापूकडे असेल तर हिशेब पालटतो. ही ठिकाणं आरक्षणाच्या पानावर पोर्ट ब्लेअर म्हणूनच दाखवतात, प्रत्यक्षात शहरापासून पंचवीसेक किलोमीटर लांब आहेत. तिथे अंधारात जायचं तर गाडी आधी ठरवलेली बरी. आणि अंधार लवकर पडतो: घड्याळ मुंबईचंच, पण बेटं इतकी पूर्वेला की डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो.

त्याच दिवशी हॅवलॉक गाठायचं असेल तर

इथे खरी परीक्षा. खासगी बोटी हॅडोच्या धक्क्यावरून सुटतात, सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून. दोन्ही ठिकाणं एकाच शहरात, एकमेकांपासून फार लांब नाहीत, म्हणूनच घोटाळा होतो. ‘जेट्टी’ एवढंच सांगितलं की ड्रायव्हर त्याला वाटेल तिथे सोडतो. बॅगा उतरवून, रांगेत उभं राहून, खिडकीशी पोचल्यावर कळतं की आपली बोट दुसरीकडे आहे. गाडीत बसतानाच तिकीट दाखवा आणि बोटीचं नाव सांगा. मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन ही नावं तिथल्या प्रत्येक चालकाच्या तोंडात आहेत. नावावरून तो बरोबर हॅडोला नेतो.

वेळेचा हिशेब असा मांडा. विमान टेकल्यापासून बॅग हातात येईपर्यंत अर्धा ते पाऊण तास. गाडी शोधून हॅडोला पोचायला आणखी अर्धा तास. बोटीच्या वेळेआधी किमान एक तास धक्क्यावर हजर राहायचं, कारण ओळखपत्र तपासणं, सामान यंत्रातून जाणं, बॅगांना पट्ट्या लागणं हे सगळं जवळपास विमानासारखंच चालतं आणि दार बोटीच्या बरंच आधी बंद होतं. म्हणजे काहीही न बिघडता सव्वादोन तास गेले. त्यात विमानाच्या उशिराला दीड तास धरा. उतरणं आणि बोट सुटणं यांत चार तासांपेक्षा कमी अंतर असेल तर ते आरक्षण करू नका. दिवसाची शेवटची बोट साधारण दुपारी दोन-तीनच्या आसपास असते, हंगामाप्रमाणे वेळा सरकतात. विमान दहा-अकराच्या पुढे उतरणार असेल तर पहिली रात्र शहरातच काढावी, सेल्युलर जेल पाहावं आणि सकाळची बोट धरावी.

विमानाला उशीर झाला तर बोटीवाले पैसे परत देत नाहीत. त्यांच्या लेखी प्रवासी आला नाही, विषय संपला. खवळलेल्या समुद्रामुळे बोटच रद्द झाली तर गोष्ट वेगळी, तेव्हा परतावा किंवा पुढची बोट मिळते. विमान आणि बोट यांची जोडतिकिटं विकणारे दलाल हा फरक सांगत नाहीत.

या एका टप्प्यासाठी आधी ठरवलेली गाडी पैसे वसूल करते. शहरातल्या मुक्कामाला नको म्हटलं, इथे हवी म्हणतो, कारण बाहेर पडल्यावर घासाघीस करण्यात जाणारी पंधरा मिनिटं त्या चार तासांतली सगळ्यात महाग असतात. चालकाचा नंबर आदल्या दिवशी मागून घ्या, विमानाचा क्रमांक त्याला पाठवून ठेवा. तिकिटांचे स्क्रीनशॉट आणि एक छापील प्रतही जवळ हवी. धक्क्यावर मोबाइलचा सिग्नल मिळेलच याची खात्री नाही. तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का, तेही घरीच पाहा.

बोटींचं परीक्षण

खासगी बोटी बहुतेक बंदिस्त, वातानुकूलित, दीड ते सव्वादोन तासांत हॅवलॉकला पोचवणाऱ्या. तिकीट माणशी दीड हजाराच्या आगेमागे सुरू होतं आणि वर्गाप्रमाणे चढतं. वरच्या मजल्यावरचा महागडा वर्ग घेण्याचं कारण आम्हांला सापडलेलं नाही. आसनं रुंद असतात, काच मोठी असते, पण जागा जितकी वर तितकी जास्त डोलते. ज्यांना बस लागते त्यांनी खालचा मजला, मधल्या रांगा किंवा त्याच्या थोडं मागे, असंच मागावं. पुढच्या टोकाला लाट आपटल्याचा प्रत्येक धक्का बसतो. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी कागदी पिशवीत परत येते. बंदराच्या आत पाणी शांत असतं, त्यामुळे पहिली वीस मिनिटं सगळे फोटो काढत असतात. उघड्या समुद्रात शिरल्यावर डबा गप्प होतो. आणि एसी कडक असतो, ओढणी किंवा पातळ शाल वरच्या बॅगेत ठेवा, कारण मोठी बॅग प्रवासात हाताशी नसते. औषधं, पाकीट, कॅमेरा याच कारणाने जवळ हवेत. सामानाची मर्यादा माणशी साधारण पंचवीस किलोची असते, पण नेमका आकडा आपल्या तिकिटावर वाचून घ्यावा.

सरकारी बोट स्वस्त, खासगीच्या कितीतरी पटीने. अडीच तास लागतात, डेकवर उभं राहून वारा खाता येतो, आणि बेटावरची माणसं, त्यांची बाजारहाट, तांदळाची पोती सोबत असतात. आम्हांला हीच जास्त आवडते. पण पहिल्या दिवशी तिच्यावर विसंबू नये. जागांवर बेटवासीयांचा पहिला हक्क आहे, आणि तो असायलाच हवा. पर्यटकांच्या वाट्याची तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि पटकन संपतात. सामान आपणच चढवायचं, आपणच सांभाळायचं. शहरात दोन रात्री आधी काढणार असाल तर ओळखपत्र घेऊन फिनिक्स बेच्या खिडकीवर जा.

हेलिकॉप्टरची चौकशी बरेच जण करतात. ती सेवा प्रामुख्याने रुग्ण आणि बेटवासीयांसाठी आहे, सामान अगदी थोडं नेता येतं. सहलीच्या बेतात ती धरूच नका.

मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. बोट रद्द झाल्याचा निरोप कधी कधी सकाळीच येतो. या काळात हॅवलॉकचं हॉटेल घेताना तारीख बदलता येईल असंच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

हॅवलॉकच्या जेट्टीपासून दारापर्यंत

बोटीतून उतरल्यावर बॅगा जेट्टीवर ओळीने मांडलेल्या असतात. काळ्या बॅगांच्या त्या गर्दीत आपली ओळखायला हँडलला रंगीत दोरी बांधलेली बरी. जेट्टी लांब आहे, चाकं खडखडत फाटकापर्यंत चालावं लागतं, तिथे हॉटेलांच्या पाट्या घेतलेली माणसं आणि रिक्षा उभ्या असतात.

हॅवलॉकमधले पत्ते आकड्यांत चालतात: जेट्टी १ नंबरला, मग ३ नंबर, बरीचशी हॉटेलं असलेलं विजयनगर ५ नंबर, आणि राधानगर ७ नंबर. जेट्टीपासून विजयनगर पाचेक किलोमीटर, राधानगर अकरा-बारा, तेही बेटाच्या पार दुसऱ्या बाजूला. रिक्षांचे दर नंबरांप्रमाणे बरेचसे ठरलेले असतात, त्यामुळे ५ नंबरला जाणाऱ्याने साधी रिक्षा करावी. राधानगरला उतरणाऱ्याने मात्र हॉटेलची गाडी मागावी. त्या बाजूला संध्याकाळनंतर रिकामी रिक्षा मिळणं कठीण. वस्ती मुख्यतः बंगाली आहे, ‘दादा’ अशी हाक दोन्ही भाषांत चालते. जेट्टीजवळच स्कूटर भाड्याने मिळतात, पण आधी सामान खोलीवर टाका. पायांत बॅग ठेवून जंगलातली वळणं घेणारे पर्यटक रोज दिसतात, काही जण रस्त्याकडेला गुडघे पुसतानाही.

नील फारच सोपं. भरतपूरला उतरायचं, बेट इतकं छोटं की लक्ष्मणपूर दोनेक किलोमीटरवर आणि दुसऱ्या टोकाचं सीतापूर पाचेक. कुठलीही रिक्षा चालते.

परतीला हाच प्रवास उलटा करताना विमानाच्या दिवशीच बोट धरू नये, आदल्या दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर गाठावं. आणि सकाळच्या पहिल्या बोटीचं तिकीट असेल तर राधानगरहून रिक्षा रात्रीच सांगून ठेवा, चालकाचा नंबर फोनमध्ये नव्हे तर कागदावर लिहून. हॉटेलला न्याहारी डब्यात बांधून द्यायलाही त्याच वेळी सांगा, कारण स्वयंपाकघर तुम्ही निघाल्यानंतर उघडतं.